पाच महिन्यांवर लग्न, यादी वाढतेय, हॉल ठरत नाही: आधी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला पाच महिने उरलेत. तुम्ही दोघांनी मिळून २५० माणसांची यादी केली होती, दोन्ही घरांची नावं आल्यावर ती ४३० वर गेली. एक हॉल आवडलाय, तिथला मॅनेजर 'कपॅसिटी ५०० आहे, काळजी करू नका' म्हणतो आणि चार दिवसांत अॅडव्हान्स मागतो. जेवण, सजावट, फोटो असं सगळं एकत्र देणारं पॅकेज घ्यावं का, लोक हमखास कुठे चुकतात, आणि त्या दिवशी तुम्हा दोघांना नि आईवडिलांना पळापळ करावी लागू नये म्हणून काय करता येईल, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं लग्नसमारंभांच्या नियोजनाचं काम करते. तुमच्यासारखे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत हॉल, रंग, कपडे यांबद्दल काहीच विचारत नाही. तीन गोष्टी विचारते: माणसं किती, पैसे कोण किती देणार, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा. तुमच्या प्रश्नात या तिन्हींची उत्तरं नाहीत. म्हणून हॉल ठरत नाही, पॅकेजचा निर्णय होत नाही आणि तुम्हाला सतत काहीतरी निसटतंय असं वाटतं. हॉल वाईट आहे किंवा तुमची तयारी कमी पडतेय असं मला वाटत नाही. ज्यावर बाकी सगळं उभं राहायचं ते ठरण्याआधीच तुम्ही पुढच्या गोष्टी ठरवायला बसला आहात.

आधी कशाकशावर उत्तर बदलेल ते सांगते. लग्न उघड्यावर आहे की छताखाली, सगळे विधी एकाच दिवशी आहेत की दोन-तीन दिवसांत विभागलेले, बाहेरगावचे पाहुणे किती, सीझनची गर्दी आहे का, आणि तुमच्याकडे विवाह नोंदणीचे नियम काय आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. मी खाली जे आकडे देतेय ते हिशेब करायची पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या परिस्थितीनुसार ते थोडे वर-खाली होतील, पद्धत तीच राहील.

आकड्यापासून सुरुवात करू. २५० चे ४३० झाले म्हणजे १८० माणसं वाढली. घरात बोलताना हे 'अजून १८० ताटं' एवढंच वाटतं. प्रत्यक्षात काय वाढतं ते बघा. दहा जणांचं टेबल धरलं तर १८ टेबलं. एका गाडीतून सरासरी तिघं येतात असं धरलं तर ६० गाड्या. तिघांचा एक गट स्टेजवर येऊन शुभेच्छा देतो, त्याला अर्धा मिनिट लागतो, म्हणजे ६० गटांना अर्धा तास. जेवणाच्या रांगा लांबतात, स्वच्छतागृहांवर ताण येतो, निमंत्रणं वाढतात, मुक्कामाच्या खोल्या वाढतात. माणशी होणारा खर्च आणि माणशी लागणारा वेळ हे दोन्ही एकाच आकड्याला बांधलेले आहेत. सजावटीतली दहा कामं रद्द करून जेवढी बचत होते, तेवढी बऱ्याचदा यादीतली चाळीस-पन्नास नावं कमी केल्याने होते.

पण नावं कमी करा असं सांगणं सोपं आहे, करणं फार जड असतं. एका मुलीच्या वडिलांबरोबर मी यादी घेऊन बसले होते. हातात पेन्सिल, समोर त्यांच्या ऑफिसातल्या माणसांची चौदा नावं, त्यातली सात काढायची होती. ते एकेका नावावर थांबत आणि मला सांगत: हा माझ्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसला होता, याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो, हा आता कुठे भेटत नाही पण याने मला पहिली नोकरी लावून दिली. शेवटी एकही नाव कापलं गेलं नाही. आईवडिलांची यादी ही त्यांच्या आयुष्यभराच्या देण्याघेण्याची वही असते. मुलं त्यावर 'हे कोण? आम्ही यांना ओळखतही नाही' म्हणतात तेव्हा त्यांना ते लागतं, आणि लागलेलं ते बोलून दाखवत नाहीत. मग वाद फुलांच्या रंगावरून होतो.

म्हणून नावांवर चर्चा करण्याआधी जागांचा आकडा ठरवा. हॉलमध्ये आरामात किती माणसं बसतात आणि माणशी खर्च गुणिले माणसं हे तुमच्या खिशाला कुठवर झेपतं, यातला जो आकडा लहान तो तुमचा एकूण आकडा. तो दोन्ही घरं आणि तुम्ही दोघं अशा तीन वाट्यांत विभागा. समान विभागा किंवा ज्याचा गोतावळा मोठा त्याला जास्त द्या, पण आकडा आधी सांगा आणि नंतर प्रत्येकाला आपल्या वाट्यात कोणाला घ्यायचं ते स्वतः ठरवू द्या. त्या वडिलांना नंतर मी एवढंच म्हटलं की तुमच्या वाट्याला ११० जागा आहेत, कशा वापरायच्या ते तुम्ही बघा. दोन दिवसांत त्यांनी यादी आणून दिली, १०८ नावांची. ऑफिसातल्यांना त्यांनी नंतर घरी बोलावलं. कोणी बाहेरून त्यांची माणसं कापली नव्हती, त्यांनी स्वतः निवडली होती, आणि त्याने फार फरक पडला.

यादी लिहायची पद्धतही महत्त्वाची आहे. 'काका आणि फॅमिली' असं कधीही लिहू नका. त्यात दोन माणसं असतात की सात, हे शेवटपर्यंत कळत नाही. एका ओळीत एक माणूस लिहा, मुलं वेगळी, आणि पुढे रकाने करा: कोणाच्या बाजूने, कुठल्या कार्यक्रमाला, फोन नंबर, उत्तर आलं का, मुक्काम हवा का, जिना चढता येतो का, खाण्यात काही वर्ज्य आहे का. एक्सेल किंवा गुगल शीट पुरेसं आहे. शीट सगळ्यांना बघता यावं, बदल मात्र एकाच माणसाने करावेत. दोन घरांच्या दोन फाइल्स फिरू लागल्या की चार दिवसांत कुठली खरी ते कोणालाच सांगता येत नाही.

'बोलावलेल्यांपैकी इतके टक्के येतातच' असं तुम्हाला अनेक जण सांगतील. यावर विसंबू नका. गावातले आणि बाहेरगावचे, सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस, लहान मुलांच्या परीक्षा, यावर ते प्रमाण खूप हलतं. त्यापेक्षा उत्तर देण्याची तारीख निमंत्रणातच द्या, आणि ती उलटली की दोन्ही घरांतून एकेक माणूस फोनवर बसवा. मेसेजवर लोक 'नक्की येऊ' लिहितात. फोनवर 'किती जण येताय, गाडी आणताय का' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. ही फोनाफोनी लग्नाच्या तीन आठवडे आधी पूर्ण व्हावी, कारण केटररला पक्का आकडा साधारण आठवडा-दहा दिवस आधी द्यावा लागतो.

केटररशी बोलताना 'गॅरंटी' म्हणजे काय हे नीट समजून घ्या. तुम्ही ज्या आकड्याची हमी देता त्याचे पैसे द्यावेच लागतात, माणसं कमी आली तरी. जास्त आली तर जास्तीचे. म्हणून हमीचा आकडा थोडा खालचा द्या आणि त्याच्या वर किती माणसांचं जेवण ते तयार ठेवतील हे लेखी घ्या. त्या आकड्यात फोटोग्राफर, त्यांचे मदतनीस, वादक, ड्रायव्हर, मेकअप करणाऱ्या, सजावटीची माणसं यांची जेवणं धरायला विसरू नका. मोठ्या लग्नात ही सहज २५-३० माणसं होतात. पहाटेपासून राबणारी माणसं संध्याकाळपर्यंत उपाशी राहणं मला अजिबात पटत नाही, आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी भुकेल्या माणसाकडून चांगलं काम होत नाही.

आता तुमचा हॉल. '५०० ची कपॅसिटी' या वाक्याला तोपर्यंत काही अर्थ नाही जोवर 'कशी बसलेली ५०० माणसं' हे कळत नाही. रांगेत खुर्च्या लावल्या तर एका माणसाला साधारण ८ चौरस फूट जागा लागते, म्हणजे ५०० माणसांना ४,००० चौरस फूट. त्याच जागेत गोल टेबलं लावली तर खुर्ची मागे सरकवायला आणि वाढणाऱ्याला फिरायला धरून माणशी १२ ते १४ चौरस फूट लागतात. म्हणजे तोच हॉल ३०० च्या आसपास माणसांचा झाला. त्यातून स्टेज आणि जेवणाचे काउंटर वजा करा. तेव्हा चार दिवसांत पैसे भरण्याआधी मॅनेजरला विचारा: आमची मांडणी अशी असेल, त्यात किती माणसं बसतील, आणि अग्निसुरक्षेच्या परवानगीत कमाल किती माणसांचा आकडा आहे? जेवणासाठी वेगळी खोली असेल तर ४३० जमू शकतील. एकाच दालनात सगळं असेल तर नाही जमणार, आणि मी तो हॉल सोडायला सांगेन. घाईने अॅडव्हान्स मागणाऱ्याला 'दोन दिवस तारीख धरून ठेवा' असं विचारून बघायला काहीच हरकत नाही, बरेच जण ठेवतात.

हॉल बघायला लग्नाच्याच वेळी जा आणि शक्यतो आठवड्याच्या त्याच वारी. मंगळवारी दुपारी बारा वाजता रिकामं दिसणारं पार्किंग रविवारी संध्याकाळी शेजारच्या मॉलच्या गाड्यांनी भरलेलं असतं. हॉलची किल्ली किती वाजता मिळणार हे विचारा, कारण मोठी सजावट उभी करायला चार ते सहा तास लागतात आणि आदल्या रात्रीचा कार्यक्रम उशिरापर्यंत चालणार असेल तर तुमची माणसं बाहेर ट्रक लावून बसतील. रॅम्प किंवा लिफ्ट आहे का, स्वच्छतागृहं किती, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, सामान कुलपात ठेवता येतं का. वीज गेली तर जनरेटरवर नेमकं काय चालतं हे तर विचाराच, कारण 'जनरेटर आहे' म्हणतात आणि त्यावर फक्त दिवे नि माइक असतात, एसी नसतो. बसलेला माणूस जवळपास १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ४३० माणसं म्हणजे ४३ किलोवॅट. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे नुसत्या माणसांसाठीच १२ टन गेले. दिवे, स्वयंपाकघर आणि सतत उघडे राहणारे दरवाजे वेगळेच. एसी पाहुणे आल्यावर लावला तर शेवटच्या तासाला हॉल थंड होतो. दरवाजे उघडण्याआधी दीड-दोन तास तो चालू करायला लावा, आणि हे हॉलच्या करारात लिहून घ्या.

उघड्यावर करणार असाल तर एकच गोष्ट सांगते. पावसाचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजता, हे आधीच ठरवून ठेवा. मांडव झाकायला किंवा कार्यक्रम आत हलवायला तीन तास लागणार असतील, तर निर्णयाची वेळ कार्यक्रमाच्या चार तास आधीची. ढग आल्यावर सगळे आकाशाकडे बघत एकमेकांना 'येईल असं वाटत नाही' म्हणत राहतात, आणि वेळ निघून जाते.

वेळेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण लग्नातली बहुतेक चिडचिड तिथून येते. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की आपल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसं सगळं सुरळीत पार पडेल असं धरून करतात, आधीच्या अनुभवांत काय झालं ते बघून करत नाहीत. लग्नाचं वेळापत्रक याचा नमुना असतो. मेकअपचंच घ्या. विधी ११ वाजता, त्याआधीचे फोटो साडेनऊला. नवरीला अडीच तास लागतात. आई, बहीण, नवऱ्या मुलाची बहीण आणि एक मैत्रीण, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे तीन तास. मेकअपवाली एकच असेल तर एकूण साडेपाच तास झाले आणि पहाटे चारला बसावं लागेल. हे गणित आदल्या दिवशी कळतं तेव्हा आई म्हणते 'माझं राहू दे', आणि पुढची चाळीस वर्षं फोटोत तिला स्वतःकडे बघवत नाही. दोघी जणी बोलावल्या तर सगळ्यांचं साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला संपतं. वेळापत्रक नेहमी असं उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे लिहा, आणि दर तासामागे पंधरा मिनिटं रिकामी सोडा.

जेवणाचंही तेच. बुफेच्या एका बाजूने मिनिटाला साधारण पाच माणसं पुढे सरकतात. ४३० माणसं एकाच बाजूने वाढून घेऊ लागली तर शेवटच्या माणसाच्या हातात ताट यायला जवळपास दीड तास. दोन काउंटर आणि दोन्ही बाजू मोकळ्या, म्हणजे चार रांगा, तर बावीस मिनिटं. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा जो साधा नियम सिद्ध केला तो इथे कामी येतो: रांगेतली माणसं भागिले मिनिटाला पुढे सरकणारी माणसं म्हणजे तुमची वाट बघायची वेळ. पुढे ६० जण आणि वेग पाचचा, तर बारा मिनिटं. सत्तरीतल्या माणसाने बारा मिनिटं हातात रिकामं ताट धरून उभं राहावं का, हा विचार यजमानांनी करायचा. मी केटररला पदार्थ किती हे विचारण्याआधी रांगा किती हे विचारते. पदार्थ वाढले की प्रत्येक जण जास्त वेळ थांबतो आणि रांग आणखी मंदावते. वयस्कर पाहुण्यांसाठी एक-दोन टेबलं राखून तिथे बसल्या जागी वाढायची माणसं ठेवा. खर्च किरकोळ आहे आणि लोक ते विसरत नाहीत.

स्टेजवरचा हिशेब करून बघा. ४३० माणसं, तिघांचे गट, प्रत्येकी अर्धा मिनिट: सत्तर मिनिटांच्या वर. तुम्ही दोघं एवढा वेळ जड कपड्यांत, दिव्यांच्या उकाड्यात, पाण्याशिवाय उभे. दर वीस मिनिटांनी तुम्हाला पाणी आणून देणारं माणूस नेमा, आणि मागे दोन खुर्च्या असू द्या. माझा सल्ला विचाराल तर स्टेजवरची ही रांग तासावर जाऊ देऊ नका, उरलेल्यांना टेबलांवर जाऊन भेटा. घरच्यांचे ग्रुप फोटो वेगळे मोजा. एका ग्रुपला तीन मिनिटं लागतात, त्यातली दोन मिनिटं माणसं शोधण्यात जातात. २५ ग्रुप म्हणजे सव्वा तास. ग्रुपची यादी फोटोग्राफरला आधी द्या आणि दोन्ही घरांतला चेहरे ओळखणारा एकेक माणूस त्याच्याबरोबर ठेवा.

पॅकेजबद्दल. सरसकट घ्या किंवा घेऊ नका असं मी सांगणार नाही. तुमच्याकडे वेळ कमी असेल, दोघंही नोकरीत असाल, तर एकाच माणसाला जबाबदार धरता येणं हा मोठा फायदा आहे. पण पॅकेजमधलं प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या आणि त्यातला फोटोग्राफर कोण हे नावानिशी विचारा. फोटो ही एकच गोष्ट आहे जी नंतर पुन्हा करता येत नाही. निवडक वीस फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. एका लग्नाचा अख्खा अल्बम मागा, तोही तुमच्यासारख्याच हॉलमधला, तशाच उजेडातला. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर फोटो जातात का हेही विचारा, म्हणजे एक कार्ड बिघडलं तरी फोटो हातात राहतात.

चवीचं म्हणाल तर आठ जणांसाठी केलेल्या चाखण्यावरून ४३० जणांचं जेवण कळत नाही. केटररच्या चालू कार्यक्रमात, त्या यजमानांच्या परवानगीने, दहा मिनिटं उभं राहून बघा: शेवटच्या तासाला काउंटर भरलेले आहेत का, जेवण गरम आहे का, वापरलेल्या ताटांचं काय करतात.

करार कोणाशीही करा, त्यात तारीख, तास, जास्तीच्या तासाचा दर, कर धरून की सोडून, पैसे कधी कधी द्यायचे, आणि तारीख पुढे गेली तर काय, हे हवंच. २०२० मध्ये जगभर लग्नं पुढे ढकलावी लागली तेव्हा ज्यांच्या कागदावर हे शेवटचं कलम होतं त्यांचे पैसे नवीन तारखेकडे वळले. इतरांना विनवण्या कराव्या लागल्या. शेवटचा हप्ता काम झाल्यावरच द्यायचा.

पैशांसाठी दोन रकाने ठेवा: माणशी वाढणारा खर्च आणि एकरकमी खर्च. यादीत दहा नावं वाढली की पहिला रकाना किती हलतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसू द्या, मग चर्चा आपोआप मुद्द्यावर येते. एकूण रकमेच्या दहा टक्के बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. ते लागतातच. कर्ज काढून समारंभ मोठा करायला मी प्रत्येकाला कळकळीने नको म्हणते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोन माणसं एकमेकांच्या सवयींशी जुळवून घेत असतात, त्यात हप्त्यांचा ताण घरात आणू नये.

निर्णयांचं वाटपही लवकर करून टाका. दोन्ही घरं आणि तुम्ही दोघं एकदा निवांत बसा, आणि प्रत्येकाने आपल्यासाठी अगदी हवीच अशी एकच गोष्ट सांगावी. कोणाला विधी घाईत नको असतात, कोणाला ठरावीक नातेवाईक हवे असतात, कोणाला फक्त वेळेवर जेवण हवं असतं. त्या गोष्टी आधी पक्क्या करा. उरलेल्यांत कपडे-फोटो तुमच्याकडे, जेवण एका घराकडे, मुक्काम-गाड्या दुसऱ्याकडे, असं वाटून घ्या आणि दुसऱ्याच्या वाट्यात सल्ला मागितला तरच द्यायचा हे ठरवा. घरातल्याला काही पटलं नाही तर ते त्या घरच्या मुलाने किंवा मुलीने आपल्या आईवडिलांना सांगायचं. सासरच्यांना थेट 'नाही' म्हणायची वेळ नव्या सुनेवर किंवा जावयावर येऊ नये.

त्या दिवशीच्या धावपळीबद्दल तुम्ही विचारलंय. तुमचा, नवऱ्या मुलाचा आणि चारही पालकांचा नंबर कुठल्याही व्हेंडरकडे नको. एक माणूस नेमा ज्याचं नाव आणि नंबर सगळ्यांकडे असेल. तो सख्खा भाऊ किंवा बहीण नको, कारण त्यांना फोटोत असायचं असतं आणि त्या दिवशी त्यांच्याही मनात खूप काही चाललेलं असतं. थंड डोक्याची मैत्रीण, चुलत भाऊ किंवा पैसे देऊन फक्त त्या दिवसापुरता घेतलेला समन्वयक चालतो. त्याला दोन पानी कागद द्या: मिनिटांसह वेळापत्रक, सगळ्यांचे नंबर, कोणाला किती पैसे द्यायचेत. रोख द्यायचे पैसे नावं घातलेल्या बंद पाकिटांत आदल्या रात्री त्याच्याकडे. किरकोळ गोष्टी, म्हणजे सुईदोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, चार्जर, डोकेदुखीची गोळी, वयस्कर मंडळींची रोजची औषधं, एका पिशवीत त्याच्यापाशी. आणि तुमच्या दोघांच्या जेवणाची वेळ वेळापत्रकात लिहा, खोलीसकट. लिहिली नाही तर तुम्ही जेवत नाही, हे मी फार वेळा बघितलंय.

पाच महिने पुरेसे आहेत, फक्त क्रम पाळा. या आठवड्यात एकूण आकडा आणि पैशांची वाटणी. त्याला धरून हॉल. लगेच मागोमाग फोटोग्राफर आणि केटरर, कारण चांगली माणसं आधी भरतात. विवाह नोंदणीची चौकशी पहिल्याच महिन्यात करा. अनेक ठिकाणी आधी नोटीस द्यावी लागते आणि त्याला ठरावीक मुदत असते. कागदपत्रांवरच्या नावांचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते बघा, नाहीतर लग्नानंतरच्या प्रवासाचं तिकीट आणि पासपोर्ट यांचा मेळ बसत नाही. बाहेरगावच्यांना तारीख आणि ठिकाण लगेच कळवा, निमंत्रण दोन महिने आधी. छापण्यापूर्वी निमंत्रण घराबाहेरच्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. घरातले डोळे चुका बघतच नाहीत, वार आणि तारीख जुळत नाही हे बाहेरच्यालाच दिसतं. सजावटीचे बारकावे शेवटच्या दोन महिन्यांत ठरले तरी चालतात.

लग्नानंतरच्या आठवड्याचीही सोय आत्ताच करून ठेवा. भाड्याने आणलेल्या वस्तू कोण परत करणार, हॉलचं डिपॉझिट कोण आणणार, हिशेब कोण पूर्ण करणार, हे समन्वयकाच्या कागदावर खाली लिहा. फोटो मिळाल्याबरोबर त्यांच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की त्यातली नावं आणि तारखा खिडकीवरच तपासून घ्या, कारण दुरुस्ती तिथल्या तिथे पाच मिनिटांत होते आणि नंतर महिने घेते.